ओढ्यातली तीन हाडं, आणि त्यातलं एक हाडच नव्हे

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही पुण्यात राहतो. सुट्टीत मुलगी मामाकडे गेली होती, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडे. नदीला मिळणाऱ्या ओढ्यात तिला तीन तुकडे सापडले. तिन्ही दगडासारखे जड वाटतात. सहावीतली मुलगी आहे, डायनासोरचीच हाडं म्हणून ठाम आहे. फोटो पाठवतोय. दोन तुकडे तिने टूथब्रशने घासून स्वच्छ केलेत, तिसरा राहिलाय. घरच्या घरी ओळखता येईल का? आणि दाखवायचे तर कुणाला?"

आधी डायनासोरचं मिटवू, कारण तुमच्या घरात तोच वाद चालू असणार. पुणे जिल्ह्यातला आपल्या पायाखालचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेला आणि त्यातून सह्याद्री उभा राहिला. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. डायनासोरची हाडं महाराष्ट्रात सापडतात ती चंद्रपूरकडे पिसदुऱ्याच्या आसपास, लाव्ह्याच्या खालच्या गाळखडकात. देशातली पहिली नोंद जबलपूरची, 1828 सालची, तीही तशाच खडकातली. आपल्याकडे लाव्ह्याची जाडी इतकी आहे की त्याच्या तळाशी काय दडलंय ते एखादा ओढा उघडं करूच शकत नाही. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधीकधी जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो, मुंबईत वरळीच्या टेकडीत तशा गाळात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म मिळालेत. पण तो वेगळा प्रकार, आणि बेडकाचं हाड तुमच्या फोटोतल्या तुकड्यांएवढं नसतं.

मुलीला मात्र एवढ्यावर नाराज करू नका. घोड, कुकडी, भीमा या नद्यांनी कातळावर जो गाळ आणि गोटे आणून टाकलेत, त्यात खरोखरच जीवाश्म असतात. ते कोट्यवधी वर्षांचे नाहीत. काही हजारांपासून काही लाख वर्षांपर्यंतचे आहेत. त्यात रानटी बैल आहे, हत्ती आहे, घोडा आहे, सुसरी-मगरी आणि कासवं आहेत. त्या बैलाचं आणि त्या हत्तीचं शास्त्रीय नाव नर्मदेवरून पडलंय: बॉस नामाडिकस आणि पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. त्या काळी भारतातल्या नद्यांत पाणघोडेही डुंबत होते, हे सांगितलं की माझ्यासमोरची मुलं डायनासोर विसरतात. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर दिसतो आणि त्याच्या संगतीने दगडी कुऱ्हाडी सापडल्यात. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणजे तुमच्या मामांच्या शिवारापासून फार लांब नाही, अशा ठिकाणी माणूस आणि हे प्राणी एकाच नदीवर पाणी पीत होते.

आता तुकडे.

पहिला, जो मुलीला बरगडी वाटतोय. पांढुरका, बोटाएवढा जाड, किंचित वाकलेला, मधून आरपार भोक. हे हाड नाही. हा कंकर आहे, आपल्याकडे चुनखडीचा खडा म्हणतात तो. जमिनीत झाडाचं मूळ असतं, त्याच्याभोवती पाण्यातला चुना साचत जातो, मूळ कुजून जातं आणि नळी उरते. ओढ्याकाठच्या गाळात असे खडे पोत्यांनी मिळतात. लाज वाटायचं कारण नाही. विद्यार्थी असताना मी स्वतः असाच एक खडा कापसात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून पुण्यापर्यंत आणला होता. सरांनी तो टेबलावर नुसता फिरवला आणि विचारलं, "नळीचं मटण खाल्लंयस ना कधी?"

तोच प्रश्न तुम्हाला. नळीचं हाड डोळ्यांपुढे आणा. बाहेरून भरीव, गुळगुळीत, घट्ट साल. आत मगजाची पोकळी. आणि टोकाकडे, सांध्याजवळ, सालीच्या आत स्पंजासारखी जाळी. हाड लाख वर्षं पुरलं गेलं तरी ही रचना जात नाही. हाडाची भोकं खनिजांनी भरतात, रंग बदलतो, वजन वाढतं, पण साल आणि जाळी राहते. कंकराच्या तुटलेल्या टोकाकडे बघितलंत तर कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे दिसतील किंवा नुसता पिठूळ चुना, जाळी कुठेच नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसं. भरीव सालीच्या ताज्या तुटीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले, तर ती रक्तवाहिन्यांची भोकं. दगडात ती तशी ओळीने बसलेली नसतात. आमच्या कामात भिंगाइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही.

पुण्याच्या आसपास आणखी एक चकवा असतो, तोही सांगून टाकतो. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो बुडबुड्यांचा खडक. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या आणि खडक झिजला की त्या पांढऱ्या गाठी सुट्या होऊन ओढ्यात येतात. लांबट असतील तर हुबेहूब बोटाची पेरं. त्या काचेसारख्या चमकतात, फोडल्या तर आत स्फटिकांच्या सुया दिसतात. हाड कधीच असं चमकत नाही.

व्हिनेगरचा थेंब टाकून बघा म्हणून सगळीकडे सांगतात. कंकरावर तो फसफसतो हे खरं. पण आपल्या नद्यांतल्या खऱ्या जीवाश्मावरही बहुतेक वेळा कंकराचंच पुट असतं, तेही फसफसतं, आणि लोक सोन्यासारखा तुकडा चुनखडी म्हणून फेकून देतात. म्हणून हा प्रयोग पहिल्या तुकड्यावर खुशाल करा, तिसऱ्यावर अजिबात नको.

दुसरा तुकडा हाडच आहे, त्यात शंका नाही. काळसर तपकिरी, दीड वीत लांब, एका टोकाला सांध्याचा भाग. रंग पाहून तुम्ही तो जुना समजताय. हाडाचं वय रंगावरून ओळखता येत नाही. काळ्या मातीत, शेणाच्या पाण्यात, लोखंडाचा अंश असलेल्या चिखलात हाड काही वर्षांतच काळंतपकिरी होतं. उलट लाख वर्षांचं हाड पांढरंफटक असू शकतं. फोटो मोठा करून बघितला तर तुटलेल्या टोकाची कड सपाट आहे आणि तिच्यावर बारीक समांतर रेघा आहेत. ती करवत आहे, लोखंडी. दगडी हत्याराने केलेला काप आखूड असतो, हात घसरल्यासारखा. सत्तुराचा घाव खोल आणि तिरका बसतो. करवत मात्र अशाच एकसारख्या रेघा सोडते. दुसऱ्या टोकाला सांध्यावर दोन गोल उंचवटे शेजारी शेजारी आहेत, मध्ये खाच. हे गुराच्या पायाचं हाड, खुराच्या वरचं. गाय, बैल, म्हैस, शेळी, हरीण, सगळ्या दुभंग खुरांच्या जनावरांत तिथे दोन उंचवटे असतात. घोडा-गाढवात एकच खूर, म्हणून एकच. आकारमानावरून तुमचं हाड बैलाचं किंवा म्हशीचं. गेल्या पन्नास-शंभर वर्षांतलं असावं. मामांना विचारा, ओढ्याच्या त्या अंगाला पूर्वी मेलेली जनावरं टाकत होते का. 1972 च्या दुष्काळात किती गावांची गुरं कुठे गेली हे म्हातारी माणसं अजून अचूक सांगतात, आणि त्या उत्तराने आमचं अर्धं काम होतं.

खात्री हवी असेल तर एक जुनी युक्ती आहे. सुई गॅसवर लाल करा आणि हाडाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात टोचा. केस जळल्यासारखा वास आला तर हाडात अजून प्रथिन शिल्लक आहे, म्हणजे ते नवं. ताज्या हाडात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं आणि बाकीचा बहुतेक भाग सेंद्रिय. जळतो तो सेंद्रिय भाग. पण ही युक्ती एकाच दिशेने चालते. वास आला तर नवं हे पक्कं. नाही आला म्हणून जीवाश्म ठरत नाही, कारण आपल्या उष्ण हवेत आणि पाणी धरणाऱ्या जमिनीत ते प्रथिन काही हजार वर्षांतही निघून जातं. जिभेला लावून बघायची युक्तीही अशीच अर्धवट. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, पण नवं वाळलेलं हाडही चिकटतं, आणि खडूही. शिवाय गावच्या ओढ्यातून काय काय वाहत येतं ते तुम्हाला माहीत आहे. ओल्या बोटाने काम भागवा.

हे नवं हाड आणि लाखो वर्षांपूर्वीचा जीवाश्म यांच्या मध्ये आणखी एक मुक्काम आहे, आणि शिरूर तालुक्यात तो विसरून चालत नाही. गावाकडे काळी आणि पांढरी म्हणतात ना, काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत केलं आणि ताम्रपाषाण काळातली, इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 मधली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या लोकांनी खाल्लेल्या गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडं तिथे ढिगांनी मिळाली. ती जीवाश्म नव्हेत, पण तीन हजार वर्षांची आहेत, आणि ओढ्याने अशा पांढरीचा कडा कापला की ती पाण्यातून खाली येतात. ओळखायची खूण म्हणजे संगत. राखाडी भुसभुशीत माती, खापरं, जळकी धान्यं, गारगोटीची छोटी पाती. हे आसपास दिसलं तर मुलीला सांगा की हात मागे घ्यायचा. त्या लोकांत लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीतच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्यापासून पाय तोडत. म्हणजे खापराजवळचं बारीकसं हाड शेळीचं असेलच असं नाही. ती जागा जशी आहे तशी ठेवून फोटो काढा आणि कळवा.

माणसाचं हाड आणि तेही नवं, अशी जराशी जरी शंका आली तर पोलीस पाटलाला किंवा चौकीत सांगायचं, आम्हाला नंतर. बिबट्याचं वाटलं तर वनखात्याला. जुन्नर-शिरूर पट्ट्यात ही शंका अगदीच हवेतली नाही, आणि वन्यप्राण्यांचे अवयव घरात ठेवणं गुन्हा आहे.

आता तिसरा तुकडा. हा मी तीनदा बघितला.

अंगठ्याएवढा उंच, चौकोनी खांबासारखा, चॉकलेटी रंगाचा, त्यावर काळ्या मँगनीजची शेवाळासारखी नक्षी. वरच्या बाजूला, धुळीतूनही दिसतात, अर्ध्या चंद्रकोरींच्या जोड्या. ही दाढ आहे, गुराच्या जातीच्या जनावराची, आणि जवळजवळ निश्चितपणे वरच्या जबड्यातली. दाढ मिळाली की आम्ही खूश होतो. हाडाचे तुकडे दहा मिळूनही प्राणी ठरत नाही, एका दाढेने ठरतो, कारण इनॅमल हा शरीरातला सगळ्यात टणक भाग आणि त्याची नक्षी प्रत्येक गटाची वेगळी. गुराच्या दाढेवर चंद्रकोरी, आणि दोन खांबांच्या मधल्या घळीत एक बारीक उभा जादा खांब. घोड्याच्या दाढेवर नागमोडी, गुंतागुंतीच्या रेषा, एखादी रांगोळी फिस्कटल्यासारख्या. हत्तीची दाढ म्हणजे चपलेच्या तळव्यासारखे आडवे पट्टे. पाणघोड्याची झिजलेली दाढ बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची दिसते. रानडुकराची नुसत्या उंचवट्यांची, थोडीफार आपल्यासारखी. हरणाची गुरासारखीच, पण बुटकी आणि नाजूक. मुलीला कागदावर या सहा नक्ष्या काढून द्या, पुढच्या सुट्टीत तीच तुम्हाला शिकवेल.

पण दाढ आहे म्हणून जुनी ठरत नाही. मेलेल्या बैलाची दाढही वर्षानुवर्षं ओढ्यात टिकते. चंद्रकोरी दोघांच्याही सारख्याच. मग मी जुनी का म्हणतोय? चौथ्या फोटोत तुम्ही ती उलटी धरलीय. मुळांकडची पोकळी दिसते, आणि ती रिकामी नाही. तिच्यात बारीक रेती गच्च बसलीय आणि चुन्याने सांधून दगडासारखी झालीय. नव्या दाढेत चिखल जातो, तो काडीने निघतो. असा सांधलेला भराव व्हायला दाढ गोट्यांच्या जुन्या थरात फार काळ पुरलेली असावी लागते. घोड नदीच्या दरडी तुम्ही बघितल्या असतील. वर पिवळसर गाळ आणि तळाशी, कातळाच्या लगत, सिमेंट ओतल्यासारखा घट्ट गोट्यांचा थर, टिकावाला ठिणगी पाडणारा. आपल्याकडचे बरेचसे जीवाश्म त्याच थरातून किंवा त्याच्या लगेच वरून निघतात. दाढ रानटी बैलाची आहे की म्हशीच्या कुळातली, ते मोजमाप घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

आणि इथे मुलीकडून मला एक गोष्ट हवीय, जी या तीन तुकड्यांपेक्षा मोलाची आहे: सापडल्याची नेमकी जागा. हाड हे अर्धं वाक्य असतं, उरलेलं अर्धं थरात असतं. ओढ्याच्या पात्रात सुटी पडलेली दाढ वरून कुठूनही आली असेल. वाळूच्या उपशाने तर सगळा घोटाळा करून ठेवलाय, नदीच्या एका वळणावरची वाळू डंपरमधून पुण्यात बांधकामावर जाते, चाळली जाते आणि चाळणीवर राहिलेला माल कुठल्यातरी नाल्याकाठी पडतो. उद्या आंबिल ओढ्यात हत्तीचा दात सापडला म्हणून कुणी आलं तर मी आधी शेजारी कुठली स्कीम चालू आहे ते विचारेन. तुमचं तसं नाही, ओढा गावचाच आहे. पुन्हा जाल तेव्हा त्या जागेपासून वरच्या अंगाला चालत जा. तुकड्याच्या कडा फोटोत धारदार आहेत, गोटा झालेल्या नाहीत, म्हणजे दाढ फार लांबून घरंगळत आलेली नाही. शे-दोनशे पावलांत कुठेतरी ओढ्याने तो गोट्यांचा थर कापलेला असणार. मोबाइलवर जागेचा पिन टाका, दरडीचा समोरून फोटो घ्या, शेजारी शाळेची पट्टी धरा. नाणं ठेवू नका, नाण्यांचे आकार सरकार बदलत असतं. दरडीत काही रुतलेलं दिसलं तरी खणू नका. एक तर खणणं हे परवानगीचं काम आहे, आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दरडी कोसळतात.

सांभाळायचं कसं, तर शक्य तितकं कमी करून. ओला तुकडा उन्हात ठेवू नका, सावलीत हळू वाळू द्या, नाहीतर भेगा पडतात. फेविकॉल, वॉर्निश, नेलपॉलिश काही लावू नका. पुढे कुठलीही तपासणी करायची तर ते काढता काढता तुकडा जातो. गुंडाळायला कापूस नको, तंतू चिकटून बसतात, टिश्यू पेपर किंवा जुनं मऊ सुती कापड चालेल. प्रत्येकाचा वेगळा डबा आणि आत चिठ्ठी: तारीख, गाव, ओढ्याचं लोकांच्या तोंडचं नाव, कुणाला सापडलं. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहा, शाई दमटपणाने फुटते.

दाखवायला पुण्यासारखं गाव नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व विभाग आहे, तिथे प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारी मंडळी आहेत आणि ताडून बघायला आजच्या जनावरांचे सांगाडेही. आगरकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं. आधी फोटो आणि जागा कळवा, मग वेळ घेऊन जा. अचानक डबा घेऊन धडकलात तरी कुणी हाकलणार नाही, पण ज्याने बघायला हवं तो नेमका बाहेरगावी असतो.

राहिला टूथब्रश. कंकर आणि बैलाचं हाड घासलं त्याने काही बिघडलं नाही. तिसऱ्याला मात्र पाण्याचा हात लावू देऊ नका. नवखा होतो तेव्हा घोडेच्याच काठी मी एक जबड्याचा तुकडा उत्साहाने बादलीत बुडवला होता. पाच मिनिटांनी बादलीत तपकिरी चिखल आणि तीन दाढा उरल्या. तुमच्या दाढेच्या पोकळीतली ती चिमूटभर रेती गोट्यांच्या कुठल्या थरातली आहे हे दरडीशी ताडून बघता येईल, आणि तेवढ्यासाठी ती आहे तशीच, मळकी, डब्यात राहू द्या. मुलीने ती घासायची राहून गेली हे फार बरं झालं.